जिभेची डावी कड

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून दवाखान्यात तिसरी खुर्ची. इतकी वर्षं दोन खुर्च्यांवर चाललं, तेव्हा वाट बघून कुणाचे दात पडले नाहीत. पण ह्यांच्या मनात आलं की तोंडाच्या रोगांचा जाणकार माणूस आपल्याकडे हवाच. माणूस म्हणजे बाई निघाली. चाळिशीच्या आतबाहेर, केस कापलेले, आवाज हळू. ती दात काढत नाही, भरत नाही, कवळी बसवत नाही. फक्त ओठ, गाल, जीभ आणि टाळू बघते. म्हणजे घर सोडून कुंपण राखायचं.

सोमवारी आणि गुरुवारी येणार. तिला खिडकीकडची जागा दिली, कारण म्हणे रंग ओळखायला उजेड लागतो. ती जागा माझी. मला विचारलं, पण माझं सामान हलवून झाल्यावर.

"अगं, तुला काय, तू अंधारातसुद्धा दाढ काढशील," हे म्हणाले. ही स्तुती झाली असं त्यांना वाटतं.

तिला मात्र "डॉक्टर, बसा." "डॉक्टर, चहा घेणार का?" पदवी ह्यांनी आणि मी एकाच वर्गातून घेतली आणि गुण माझे जास्त होते. मी अजून 'अगं'च आहे.

काउंटरवरच्या ताईंनी दुपारपर्यंत आमची वाटणीही करून टाकली. मी दातवाल्या बाई, ती तोंडवाल्या बाई. फोनवर सांगत होत्या, "तोंडवाल्या बाई आता गुरुवारी भेटतील." मी म्हटलं, "ताई, तोंड मलाही आहे."

त्या म्हणाल्या, "ते सगळ्यांना माहीत आहे, बाई."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वाईट दिवस.

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा तो पेशंट परत आला. खालच्या ओठाला आतून जखम. मागच्या खेपेला मीच बघितली होती. वाद्य दाबलं जातं तिथेच, तेव्हा घासून झाली, यात कोड्यासारखं काही नव्हतं. मलम दिलं, थोडे दिवस वाजवू नकोस म्हटलं. आज बघते तर जखम तशीच. मी दुसरं मलम लिहून देत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही जरा नजर टाकता का?"

तिने हातमोजे घातले आणि ओठ दोन बोटांत धरून दाबला.

"दुखतं?"

"नाही."

"अजिबात?"

"नाही हो. म्हणून तर वाजवत होतो."

मग जबड्याखाली चाचपून पाहिलं. मग स्टूल त्याच्याजवळ ओढलं, मास्क खाली केला आणि 'गार-गरम लागतं का' विचारावं तशा आवाजात विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत घराबाहेर कुणाशी संबंध आला होता? नुसत्या तोंडाने आला असेल तरी सांगा. मला तुमची चालचलणूक तपासायची नाही, ओठ तपासायचाय."

पडद्याअलीकडे मी पुढच्या पेशंटची, एका आजोबांची, दाढ भरायला घेतली होती. माझा हात थांबला. मला वाटलं, आता हा उठून चालू लागेल. तो जरा वेळ आपल्या ट्रम्पेटच्या पेटीकडे बघत बसला. मग म्हणाला, "एकदा. दौऱ्यावर असताना."

मी या माणसाच्या चार दाढा भरल्या आहेत. लग्न झालंय की नाही हेही त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

उपदंश. सिफिलिस. आमच्या आजीच्या वेळची माणसं गरमी म्हणायची. आमच्या पुस्तकात त्यावर अर्धं पान होतं आणि परीक्षेला ते कधी आलं नाही. एवढ्या वर्षांत मी एकही पाहिला नाही. किंवा पाहिले असतील आणि मलम लावलं असेल. हे आज पहिल्यांदा मनात आलं, ते तिच्यामुळे, म्हणून अधिकच बोचलं.

नंतर चहाला ती ह्यांना समजावत होती आणि हे हनुवटीखाली हात घेऊन शाळकरी मुलासारखे ऐकत होते. "ही जखम आपोआप बुजते, सर. महिना-दीड महिन्यात. म्हणून तर फसवते. पेशंट खूश, डॉक्टर खूश, आणि रोग रक्तात उतरलेला. मी एवढंच धरून चालते, दुखणाऱ्या जखमेआधी न दुखणारी बघायची."

ह्यांनी विचारलं, "आणि बुजलीच नाही तर?"

"मग ती गरमीची नव्हे. मग तुकडा काढून तपासायला पाठवायचा, थांबायचं नाही."

ह्यांनी मान हलवली. समोरचा चहा तसाच राहिला, वर साय धरली. माझ्या हातचा चहा ह्यांनी कधी गार होऊ दिला नव्हता. तिच्या बोलण्यात एवढी गोडी आहे तर!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ट्रम्पेटवाल्याच्या रक्ताचा रिपोर्ट तिच्या बाजूने लागला. आज बायकोला घेऊन आला. बुटकी, ठसठशीत बाई. खुर्चीत बसायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"हा म्हणतो ट्रम्पेटने झालं. तर आधी माझं तोंड बघा. तिथे काही निघालं तर मग ह्याचं तोंड मी बघते."

तोंडवालीने बॅटरी घेऊन शांतपणे सगळं पाहिलं. जीभ कापडात धरून डावीकडे ओढली, उजवीकडे ओढली, टाळू पाहिला, मग तळहातसुद्धा पाहिले. "तोंड स्वच्छ आहे. पण तोंड स्वच्छ म्हणजे रक्त स्वच्छ असं नव्हे. आज तपासू. आणि आज निगेटिव्ह आलं तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. सुरुवातीला हा रोग तपासणीला सापडत नाही."

"म्हणजे तोवर मी संशयात राहायचं?"

"नाही. पेनिसिलिनचं इंजेक्शन माझ्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर तुम्हालाही आजच देतील. वाट बघायची नाही."

"आणि ह्याच्यावरच्या संशयाला आहे का तुमच्याकडे एखादं इंजेक्शन?"

तोंडवाली हसली. ती बाईही हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागली. ट्रम्पेटवाला तिच्या खुर्चीमागे हात बांधून उभा, बँडमास्तर ओरडल्यासारखा. उन्हात दोघं गेली ती एकाच छत्रीतून गेली. जाताना तो मला म्हणाला, "बाई, तुमच्या मलमाने थंड वाटायचं हं."

एवढं वाईट मला कुणी चांगलं बोलून वाटलेलं नाही.

घरी येऊन माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं. ते अर्धं पान पाठ केलं. न दुखणारी, कडेला टणक, जबड्याखाली गाठ. आता माझ्या हातून एकही सुटणार नाही.

रविवार, २ मार्च

आमचा लग्नापासूनचा शिरस्ता आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, बंद दवाखान्यात, आम्ही एकमेकांचे दात साफ करतो. आधी मी त्यांचे, मग ते माझे. सासूबाई म्हणायच्या, "लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, तुम्ही बसा दाढांत बघत." मुलगी पोटात होती तेव्हाही चुकवलं नाही. आमच्यात लाडीगोडी म्हणावी अशी एवढीच.

आज म्हणाले, "तुझे करतो. माझे राहू दे."

"का?"

"कंटाळा आलाय."

दंतवैद्याला तोंड उघडायचा कंटाळा! माझे दात मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून साफ केले. एकेक दात, जणू मोजून ठेवायचा आहे. मध्येच म्हणाले, "तुझ्या या मागच्या दाढेकडे लक्ष ठेवत जा. मी नसलो तर त्या डॉक्टरांना दाखव."

मी तोंडात आरसा असताना जेवढं रागावता येतं तेवढी रागावले. कुठे जायचा विचार आहे ह्यांचा? आणि माझी दाढ तिला का दाखवायची?

गुरुवार, ६ मार्च

जेवायला घरी निघाले आणि किल्ल्या विसरल्या म्हणून परत आले. ताई जेवायला गेलेल्या. दार नुसतं लोटलेलं.

खिडकीकडच्या खुर्चीत हे आडवे. दिवा लावलेला. ती त्यांच्यावर वाकलेली, डाव्या हातात कापडाने धरलेली त्यांची जीभ, उजव्या हाताचं बोट आत.

ते तोंड लग्नापासून माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. त्यातल्या दोन कॅप माझ्या, एक रूट कॅनाल माझं. कुठल्या दाताला मागून चीर आहे हे मी झोपेत सांगेन. माझ्यासमोर ते डोळे टक्क उघडे ठेवतात, घाबरट आहेत म्हणून. तिच्यासमोर मिटलेले होते.

"मॅडम, या ना," ती म्हणाली. माझ्याच दवाखान्यात मला 'या ना'.

हे तोंड पुसत उठले. "अगं, दाढ जरा टोचत होती. डॉक्टरांनी कड घासून दिली."

"कुठली?"

"डावी. खालची."

"ती कॅप माझी आहे."

"हो ना. म्हटलं तुला वाईट वाटेल."

ती म्हणाली, "सर, दोन आठवडे. त्यानंतर मी तुमचं ऐकणार नाही." मग माझ्याकडे वळली. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात ह्यांनी तिच्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. पाहुण्यांसमोर मी जास्त बोलायला लागले की मला गप्प करायची नजर आहे ती. आजवर ती फक्त माझ्यासाठी होती.

रविवार, ९ मार्च

दुपारी हे आरामखुर्चीत झोपले होते, तोंड उघडं. मी चष्मा चढवून, बॅटरी आणि आरसा घेऊन जवळ गेले. आरशाने गाल हलकेच बाजूला केला. जिभेच्या डाव्या कडेला, मागे, जखम. शेंगदाण्याएवढी. कडा उचललेल्या.

जागे झाले. "काय करतेस?"

"घोरत होता."

"मग आरसा कशाला?"

"कुठून आवाज येतो ते बघत होते."

हसले नाहीत. कूस बदलून पडून राहिले.

या जखमेबद्दल मला एक अक्षर बोलले नाहीत. म्हणजे दुखत नसणार. दुखली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं; ह्यांना ताप आला तर आधी माझं डोकं दुखायला लागतं. न दुखणारी, कडेला उचललेली. ते अर्धं पान डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी कॉलर नीट करायच्या निमित्ताने जबड्याखाली हात घातला. डावीकडे गाठ आहे. टणक.

आता शंका उरली नाही. ती एकटी राहते, घटस्फोट झालेला. गेल्या महिन्यात दोनदा हे तिच्या मोठ्या इस्पितळात 'व्याख्यानाला' गेले आणि दोन्ही वेळा येऊन न जेवता झोपले. तोंडाचे रोग ओळखणाऱ्या बाईकडूनच तोंडाचा रोग! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

वर्षाची साखरेची तपासणी व्हायचीच होती. लॅबवाल्याला घरी बोलावलं आणि त्यात ही तपासणी घातली. तो कागद वाचून म्हणाला, "बाई, हीसुद्धा? साहेबांची?"

"सगळं एकदाच करून घेतो आम्ही."

ह्यांनी काही विचारलं नाही. बाही वर करून म्हणाले, "घे रे बाबा, हवं तेवढं घे."

शुक्रवार, १४ मार्च

निगेटिव्ह.

माणसाला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. सुरुवातीला सापडत नाही, हे तिचंच वाक्य. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. मी थांबेन. तोवर झाकली मूठ.

रविवार, १६ मार्च

मी कप वेगळे केलेत. टॉवेल वेगळा. माझं अंथरूण मुलीच्या जुन्या खोलीत. आज चहाच्या वेळी ह्यांनी आपल्या कपाला मी बांधलेल्या लाल दोऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कळलं का तुला?"

"सगळं कळलंय."

"कधी?"

"मला डोळे आहेत. तुम्ही विसरलात, पण मी पण त्याच कॉलेजात शिकले."

"मग बोलत का नाहीस काही?"

"बोलायचं तुम्ही. माझ्याकडून काय घडलंय?"

"मला धीर होत नव्हता गं."

"तिच्याकडे जाताना बरा झाला धीर."

"तिच्याकडे गेलो कारण ती परकी आहे. परक्या माणसासमोर सोपं जातं."

हे ऐकून मी उठले. इतका निर्लज्जपणा! आणि चेहरा असा की एखाद्याला वाटावं ह्यांच्यावरच अन्याय झालाय. मागून म्हणाले, "तुला किळस येते ना?"

"हो," मी म्हटलं. "येते."

सोमवार, १७ मार्च

धाकट्या बहिणीकडे आले. माझ्या पेशंटांना काउंटरवरच्या ताईंनी पुढच्या तारखा दिल्या. हे दारापर्यंत आले होते. "कधी येशील?" म्हणाले. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "चला."

रविवार, २३ मार्च

बहिणीला सांगावं लागलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"भाऊजी? आपले भाऊजी? दुकानात उरलेले सुटे पैसे मागायला लाजतात, ते?"

"तू रोग पाहिला नाहीस. मी पाहिलाय."

"मग त्यांना सरळ विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? जखमच बोलते."

"ताई, जखम बोलते आणि नवरा गप्प, असा संसार मी नाही पाहिला," ती म्हणाली. हिला पहिल्यापासून त्यांचाच पुळका.

खरं तर मला त्या रोगाची एवढी चीड नाही. रोग बरा होतो, सुई लागते. चीड याची की त्यांनी डोळे मिटले होते.

गुरुवार, ३ एप्रिल

ह्यांचा रोज संध्याकाळी फोन येतो. मी घेत नाही. बहीण म्हणाली, "विचारत होते, ताई नीट जेवते का. आवाज जड वाटला गं. शब्द अडखळत होते."

अपराध्याचा आवाज जडच असतो.

दुसऱ्या तपासणीची वेळ होत आली. पुढच्या आठवड्यात लॅबवाल्याला पाठवेन. तो रिपोर्ट हातात आला की मगच त्या दोघांसमोर उभी राहीन. तोपर्यंत तिला वाटू दे की दातवाल्या बाईला दातांपलीकडचं काही दिसत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

ती इथे आली. बहिणीच्या घरी, कुणाला न विचारता, पेशंट सोडून. चप्पल काढता काढताच म्हणाली, "मॅडम, तुम्ही आजच्या आज चला. तुम्ही आल्याशिवाय सर मला हात लावू देत नाहीत. मी रोज सांगून थकले. ते म्हणतात, ती परत आल्याशिवाय नाही."

"कशाला हात लावू देत नाहीत?"

"तुकडा काढायला."

मी म्हटलं, "त्याची गरज नाही. रक्त पुन्हा तपासायची वेळ झाली आहे. आणि तुमचंही तपासून घ्या."

"कसलं रक्त?"

मी रोगाचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं. बहीण स्वयंपाकघरात भांडी घासत होती, तिथला आवाज थांबला.

तोंडवाली उभी होती ती खाली बसली. मला वाटलं आता रडेल, नाही तर उलटून बोलेल. दोन्ही केलं नाही. आमच्या कॉलेजात विद्यार्थी चुकल्यावर सर बघायचे तसं माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ती जखम त्यांना जानेवारीत दिसली. मला दवाखान्यात बोलावलं ते त्यानंतर. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं होतं, मॅडमना सांगा. ते म्हणाले, तिचे वडील याच रोगाने गेले, तिने त्यांचं तोंड रोज धुतलंय, तिला पुन्हा नको. दोनदा मी त्यांना आमच्या इस्पितळात फोटो काढायला नेलं. आज एप्रिलची दहा तारीख आहे. गरमीची असती तर ती एव्हाना बुजली असती. नाही का?"

मी बोटांवर महिने मोजले.

"तुम्ही जीभ हातात धरून बघितलीत? दाबून?"

"नाही."

"तुमच्यासारख्या बाईने?" एवढंच म्हणाली.

बहिणीने माझी पिशवी भरून आणली. रिक्षात तोंडवाली माझ्याशेजारी बसली. तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता, दवाखान्यातल्याच साबणाचा. वाटेत मला एकच विचार सुचत होता. ह्यांना भीती वाटली आणि ती भीती त्यांनी तिच्याजवळ ठेवली. जानेवारीपासून ती त्यांच्याबरोबर घाबरली आणि मी नुसती रागावत राहिले.

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, हे आपणहून खिडकीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. मी हातमोजे घातले. जीभ कापडात धरून बाहेर ओढली आणि बोट लावलं.

वरून जखम सुपारीएवढी झाली आहे. पण बोटाला वरचं कमी आणि खालचं जास्त लागतं. मुळासारखं आत गेलंय, जिभेच्या खाली. बाबांची अशीच होती. बोटाला कळायला क्षण लागत नाही. बोट लावायचीच देर होती.

हे माझ्याकडे टक लावून बघत होते. डोळे उघडे.

जीभ सोडल्यावर मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तू कप वेगळे केलेस. मला वाटलं तुला कळलं आणि तुला... बाबांचं आठवून किळस आली. तुझा दोष नाही म्हटलं."

"कॅन्सरची किळस येते होय मला?"

"मग कशाची आली होती?"

मी ट्रे लावायला घेतला. तोंडवाली दारात उभी होती, तिने ऐकलं. ती आत आली आणि म्हणाली, "सर, वेळ घालवू नका. आ करा." तिने त्यांना गरमीचं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. म्हणजे आता माझंही एक गुपित तिच्याजवळ. एवढंच राहिलं होतं.

तुकडा तिनेच काढला. जीभ मी धरली होती. टाका तिने घातला, इतका बारीक की मला जमला नसता. हे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

शनिवार, १९ एप्रिल

कॅन्सर. जबड्याखालच्या गाठीतही पोचलाय.

मोठ्या इस्पितळातले सर्जन तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. जिभेचा डावा भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठीही. पुढे बहुधा किरणोपचार. बोलणं फिरेल, किती ते आत्ता सांगता येत नाही. वाचायची शक्यता चांगली आहे, पण महिनाभर आधी आला असतात तर जास्त चांगली होती.

"दोघंही डॉक्टर," ते म्हणाले. "मग एवढे दिवस का थांबलात?"

हे म्हणाले, "कामातून सवड झाली नाही."

तोंडवाली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी जमिनीकडे.

परत येताना ह्यांनी माझा हात धरला. भर रस्त्यात. माझ्या हातात त्यांच्या एक्स-रेची पिशवी होती, ती दुसऱ्या हातात घ्यावी लागली. "चिडू नकोस त्या पोरीवर," म्हणाले. "माझ्यामागे दवाखान्यात तू एकटी पडू नयेस म्हणून मी तिला आणलं."

मी म्हटलं, "दवाखान्यात मी कधीच एकटी नव्हते. आणि तुमच्यामागे वगैरे काही नाही. सप्टेंबरात दात साफ करायचेत."

ठरवूनही माझं त्या पोरीवर चिडणं थांबत नाही, हे मात्र बोलले नाही.

सोमवार, २८ एप्रिल

ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा खिडक्यांवर ऊन उतरलं होतं. सर्जन म्हणाले, कडा स्वच्छ मिळाल्या, म्हणजे कापलं त्यापलीकडे रोग नाही, असं वाटतंय. रिपोर्ट आला की कळेल. तोंडवाली सर्जनबरोबर आत उभी होती. मला आत घेतलं नाही. नातेवाइकांना घेत नाहीत म्हणे. तिला घेतात. इतक्या वर्षांत कुणाच्या डॉक्टर असण्याचा मला हेवा वाटला नव्हता, आज स्वतःच्या नातेवाईक असण्याचा राग आला.

बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मास्कच्या दोऱ्यांचे वळ तिच्या गालांवर उमटले होते. "तुम्ही काही खाल्लंय का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तू खाल्लंस का?"

'तू' कसं निघालं तोंडून, कळलं नाही. तिने ऐकलं आणि मान हलवून नाही म्हटलं. मग आम्ही दोघींनी कँटीनमधली सादळलेली बिस्किटं खाल्ली.

सोमवार, ५ मे

रिपोर्ट आला. कडा स्वच्छ आहेत. मानेतल्या एकाच गाठीत होतं. किरणोपचार लागतील. सर्जन "चांगलं आहे" म्हणाले, आणि हा माणूस उगाच चांगलं म्हणत नाही.

गरमीचं मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचंय. पण ऐकल्यावर ते हसतील, आणि एवढ्यात हसले तर टाके ओढले जातील.

गळ्यातली श्वासाची नळी काल काढली. आज सकाळी बोलायला सांगितलं. खोलीत नर्स होती, तोंडवाली होती, मी होते. हे उशीला टेकून बसले होते, डावा गाल सुजलेला, मानेला पट्टी. तोंडवाली म्हणाली, "सर, काहीही बोला. हळूहळू. कसं येतं ते बघू."

त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. माझ्याकडे बघत काहीतरी बोलले. दोन शब्द. नुसता ओला, जाड आवाज, ज्याला ना काना ना मात्रा.

नर्स म्हणाली, "पाणी हवंय का?"

त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा तेच म्हणाले.

तोंडवाली पुढे वाकली. ती तोंडाची जाणकार, जिभेचा एकेक स्नायू तिला पाठ. कान त्यांच्या तोंडाशी नेला. "सर, पुन्हा एकदा?" त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला एक अक्षर लागलं नव्हतं.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. चष्मा पूस, म्हणत होते.

"काय म्हणाले सर?" तिने विचारलं.

"आमचं आहे ते," मी म्हटलं, आणि चष्मा काढून पुसला. त्या खोलीत गारवा फार ठेवतात, काचांवर सारखी वाफ धरते.